मादागास्करला जायचंय? मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाखरं बघायला जमणारी आमची दहा-बारा जणांची मंडळी आहे. त्यांच्यातली मी एक. मादागास्करला आतापर्यंत दोनदा जाऊन आले, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा मे महिन्यात सासूबाईंना घेऊन. तेव्हापासून लोकलमध्ये, लग्नात, फोनवर मला तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

मादागास्करच का? आपल्याकडे जंगलं काय कमी आहेत?

कमी नाहीत. पण तिथे जे दिसतं ते जगात दुसरीकडे कुठेच दिसत नाही. हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं बेट, जवळपास ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीला थोडं कमी. एकेकाळी ते आपल्याला चिकटलेलं होतं. आफ्रिकेपासून भारत आणि मादागास्कर एकत्रच सुटले, आणि सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आपण त्याला सोडून उत्तरेकडे निघालो. तेव्हापासून ते बेट समुद्रात एकटं आहे. जे जीव तिथे राहिले किंवा नंतर वाहत पोचले, ते आपल्या पद्धतीने घडत गेले.

वाघ-बिबट्या तिथे नाहीत, हत्ती नाहीत, माकडंही नाहीत. सगळ्यात मोठा शिकारी सस्तन प्राणी म्हणजे फोसा. दिसायला मांजरासारखा, पण नात्याने मुंगसाच्या जवळचा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी एकही त्या बेटावर नाही. पाचोळ्यात पाय टाकताना जी धास्ती आपल्या अंगवळणी पडलेली असते, ती तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप गळून पडते.

लेमर म्हणजे माकडच ना?

नाही. वंशवृक्षावर माकडं आणि आपण एका फांदीवर, आणि लेमर, म्हणजे मादागास्करचे हे माकडासारखे दिसणारे प्राणी, दुसऱ्या. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून वाहून आलेल्या झाडाझुडपांवर बसून पोचले असावेत, असं शास्त्रज्ञ मानतात. आज शंभराहून जास्त जाती आहेत. मुठीत मावेल एवढा माऊस लेमर आहे, आणि नऊ किलोपर्यंत भरणारा इंद्रीही आहे. सायनाइड असलेले बांबूचे कोंब खाऊन पचवणारा सोनेरी बांबू लेमर रानोमाफानाच्या जंगलात आहे. १९८० च्या दशकात तो सापडला आणि १९९१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. फॅट-टेल्ड ड्वार्फ लेमर शेपटीत चरबी साठवतो आणि वर्षातले सहा-सात महिने झाडाच्या ढोलीत झोपून काढतो.

कोणत्या महिन्यात जावं?

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर, आणि मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो दक्षिणेला साधारण १९ अंशांवर. म्हणजे आपले ऋतू उलटे करून बघायचे. आपल्याकडे उन्हाळा, तेव्हा तिकडे थंडीची चाहूल. जानेवारी ते मार्च तिकडे पाऊस आणि चक्रीवादळं असतात. पूर्व किनाऱ्याला ती फार झोडपतात, पश्चिमेकडचे कच्चे रस्ते बंद पडतात. हे तीन महिने टाळाच.

दिवाळीची सुट्टी माझ्या मते सगळ्यात चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा तापू लागते, थंडीत दडलेले सरडे आणि लहान लेमर बाहेर येतात, आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेल्या लेमरांच्या पोटाशी, पाठीवर पिल्लं असतात. मे महिनाही छान, पाऊस नुकताच संपलेला असतो आणि रान हिरवंगार असतं. फक्त रात्रीचे निशाचर जीव थोडे कमी दिसतात. सँत-मारी बेटाजवळ हंपबॅक देवमासे बघायचे असतील तर जुलै ते सप्टेंबर.

किती दिवस लागतात? सगळं बघून होईल का?

सगळं होणार नाही, आणि करूही नका. आपली सवय अशी की एवढे पैसे खर्च करून जातोय तर काहीच सुटायला नको. पहिल्या वेळी आम्ही बारा दिवसांत पाच ठिकाणं ठरवली होती. त्यातला निम्मा वेळ गाडीत गेला. दुसऱ्या वेळी बारा दिवसांत दोनच ठिकाणं केली आणि जवळजवळ दुप्पट प्राणी दिसले.

कारण साधं आहे. तिथलं जंगल ताडोबासारखं जिप्सीतून फिरून बघायचं नसतं. चालायचं, थांबायचं, परत त्याच झाडाखाली यायचं. मालागासी, म्हणजे मादागास्करचे, लोक दिवसातून वीस वेळा ‘मुरा मुरा’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. तीच तिथली योग्य चाल आहे.

माझा सल्ला: दहा-बारा दिवस असतील तर राजधानी, इंद्रीचं जंगल आंदासिबे आणि रानोमाफाना. प्रवासाचा कंटाळा नसेल तर पुढे दक्षिणेला आंजाचं गावकऱ्यांनी राखलेलं जंगल आणि इसालोचं राष्ट्रीय उद्यान. बाओबाबची झाडं आणि त्सिंगी दे बेमाराहाचे चुनखडीचे धारदार सुळके पश्चिमेला आहेत. त्यांना वेगळी सहल म्हणूनच धरा. त्सिंगी फक्त कोरड्या महिन्यांतच जमतं.

मुंबईहून विमान कसं मिळतं?

थेट विमान नाही. नैरोबी, आदिस अबाबा किंवा मॉरिशसमार्गे जावं लागतं. राजधानीला सगळे ‘ताना’ म्हणतात, विमानतळ इवातोला. तिकीट काढताना दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिल्या वेळी आमची एक बॅग मधल्या विमानतळावरच राहिली आणि तिसऱ्या दिवशी मिळाली. त्यात माझी दुर्बीण होती. तेव्हापासून दुर्बीण, औषधं, रेनकोट आणि एक जोड कपडे मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवते.

देशांतर्गत विमानांच्या वेळा बदलतात. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी तानात एक दिवस मोकळा असू द्या.

व्हिसा? आणि ते यलो फीव्हरचं काय?

पर्यटकांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत आणि कोरी पानं हवीत. निघण्याआधी ताजे नियम बघा.

यलो फीव्हरबाबत लोक गोंधळतात, म्हणून नीट सांगते. मादागास्करमध्ये यलो फीव्हर नाही. पण केनिया आणि इथिओपियात त्याचा धोका आहे. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर मादागास्कर प्रमाणपत्र मागतं. परतताना आपल्या विमानतळावरचे आरोग्य अधिकारीही विचारतात. आपल्याकडचा नियम कडक आहे, प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. नैरोबी किंवा आदिसमार्गे जाणार असाल तर लस घेऊनच टाका. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

साठीच्या पुढच्यांनी मात्र ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाई एकाहत्तरच्या. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून आम्ही मॉरिशसमार्गे गेलो. तो प्रश्नच मिटला.

मलेरिया आणि प्लेगची भीती आहे का?

मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, हे जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, अंगाला लावायचं क्रीम. पाणी बाटलीतलं किंवा उकळलेलं.

प्लेगचं नाव ऐकून घरचे घाबरतात. तिथे दर वर्षी काही रुग्ण आढळतात, २०१७ साली मोठी साथ आली होती. मुंबईकराला हा इतिहास परका नाही. १८९६ साली आपल्या मांडवी बंदराच्या भागात प्लेग सुरू झाला, हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. जहाजांबरोबर तोच रोग १८९८ मध्ये मादागास्करला पोचला. फरक एवढाच की तिथून तो पुरता गेला नाही. आज प्रतिजैविकांनी तो बरा होतो आणि जंगल बघायला गेलेल्या माणसाला धोका फार थोडा असतो. ताप आला तर मात्र अंगावर काढू नका. प्रवास विमा काढाच, आणि त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना ते बघा.

इंद्रीचं गाणं खरंच ऐकू येतं?

येतं. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीसाठी जावं.

आंदासिबे तानाच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत. सकाळी लवकर निघालो. झाडांच्या शेंड्यांना धुकं होतं, पायवाट ओली, मोज्यांवर जळवा चढत होत्या. आमचा वाटाड्या एका चढावर थांबला, त्याने हात वर केला. वर फांदीच्या बेचक्यात दोन काळे-पांढरे जीव पाय पोटाशी घेऊन बसलेले. शेपूट जवळपास नाहीच, कान गोल केसाळ, डोळे पिवळट हिरवे. एक पान तोडायचा, नीट बघायचा, मग खायचा. असा अर्धा तास गेला.

मग लांब दरीपलीकडून कुणीतरी सुरुवात केली. आमच्या डोक्यावरच्या नराने तोंड उघडलं आणि आधी एक खरखरीत गर्जना निघाली. पाठोपाठ लांब, वरून खाली उतरणारा सूर आला. मादी त्यात मिसळली. छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलतंय असं वाटावं एवढा तो आवाज मोठा. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि कानाशी म्हणाल्या, “सूनबाई, हा तर देवळातला शंख.” मी म्हटलं, “आई, आता बोलू नका, ऐका.” दोन-तीन मिनिटांत एकेक कळप उत्तर देत गेला आणि सगळी दरी भरली.

हा आवाज दोन किलोमीटरच्याही पलीकडे जातो. आपला इलाखा सांगायला आणि कुटुंबाला एकत्र ठेवायला तो गातो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याच्या सुरांमधली अंतरं कधी समान, कधी बरोबर दुप्पट असतात, म्हणजे लयीचा जो हिशेब माणसाच्या गाण्यात असतो तोच. इंद्रीला पिंजऱ्यात जगवता आलेलं नाही. म्हणून तो कुठल्या प्राणिसंग्रहालयात भेटायचा नाही, त्याच्या दारी जावं लागतं.

गाणं बहुतेक सकाळी सात ते अकराच्या दरम्यान होतं. दोन सकाळी तरी राखून ठेवा.

रात्री जंगलात जाता येतं का?

राष्ट्रीय उद्यानांत रात्री प्रवेश नाही. पण उद्यानाच्या कडेच्या रस्त्यावरून आणि गावकऱ्यांच्या संस्था सांभाळतात त्या राखीव जंगलांत वाटाड्याबरोबर जाता येतं. जरूर जा. जगातल्या शॅमेलिऑन सरड्यांच्या जवळपास निम्म्या जाती या बेटावर आहेत. दिवसा डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. रात्री झोपताना ते फांदीच्या टोकाला येतात, अंगाचा रंग फिकट पडतो आणि टॉर्चच्या उजेडात पांढुरक्या पानासारखे चमकतात. शेपटीची गुंडाळी इतकी नेटकी की घड्याळातली स्प्रिंग आठवावी. २०२१ मध्ये उत्तरेकडच्या डोंगरात नोंदवलेल्या एका जातीच्या नराचं शरीर, शेपटी सोडून, अवघं साडेतेरा मिलिमीटर आहे, म्हणजे भाताचे दोन दाणे.

सालीसारखी दिसणारी पानशेपटी पाल दिवसा बघायला मागा. वाटाड्या खोडावर बोट ठेवून “ही बघा” म्हणाला, तरी मला पूर्ण मिनिटभर काही दिसलं नाही.

बाओबाबची झाडं कुठे बघायची?

आधी मुंबईत बघा. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, वसईच्या किल्ल्यात आहे. आपल्याकडची जात आफ्रिकेची, व्यापाऱ्यांबरोबर आलेली. पण २०२४ साली जनुकांवरून निघालेला निष्कर्ष असा की या सगळ्या कुळाचं मूळ घर मादागास्करच, तिथून फळं समुद्रात वाहत आफ्रिकेला पोचली. मादागास्करमध्ये सहा जाती अशा आहेत ज्या दुसरीकडे कुठेही नाहीत. फोटोत दिसणारी उंच, खांबासारखी झाडं मोरोंदावाजवळच्या रस्त्यावर आहेत. तानाहून गाडीने दोन दिवस लागतात. संध्याकाळी गर्दी असते. पहाटे जा, उजेड तेवढाच सुंदर असतो आणि बैलगाड्यांशिवाय कुणी नसतं.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

भात. तिकडे तिन्ही त्रिकाळ भातच. जेवणे या क्रियेला त्यांचा शब्द आहे त्याचा अर्थच ‘भात खाणे’. बरोबर पालेभाजी, घेवड्यासारखी कडधान्यं, अंडी, केळी, लिची. ‘रोमाझावा’ या त्यांच्या रश्श्यात एक पाला असतो तो खाल्ला की जिभेला मुंग्या येतात. तो मुळात मांसाचा पदार्थ, त्यामुळे मांस नको हे आधीच सांगा, आणि दोनदा सांगा. रस्त्यावर सामोसाही मिळतो, त्याला तिथे ‘साम्बोस’ म्हणतात. कित्येक पिढ्यांपूर्वी तिथे गेलेले गुजराती व्यापारी आजही आहेत. आत बहुतेक खिमा असतो, विचारून घ्या.

एक गोष्ट आवर्जून मागा, ‘रानोव्होला’. भात काढून झाल्यावर भांड्याच्या तळाला लागलेली खरपुडी तशीच ठेवून त्यात पाणी घालतात आणि उकळतात. रंग फिक्या चहाचा, वास खमंग. सासूबाईंचं माहेर मालवणकडचं. त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे तापात अशीच पेज द्यायचे.” पाणी उकळलेलं असल्यामुळे पोटालाही बरं. थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि लोणचं न्या, गाडीतल्या लांब दिवशी उपयोगी पडतं.

पैसे कसे न्यायचे? खर्च किती?

चलन आरियारी. एका रुपयाला साधारण पन्नास आरियारी, आणि सगळ्यात मोठी नोट वीस हजारांची, त्यामुळे खिशात पुडकी होतात. मुंबईतून युरो घेऊन जा आणि तानात बदला. शहरांबाहेर कार्ड चालेल असं धरू नका.

खर्चात दोनच गोष्टी जड आहेत, विमान आणि ड्रायव्हरसह गाडी. खाणं आणि साधी राहण्याची जागा मुंबईच्या मानाने महाग नाही. चौघांनी मिळून एक गाडी केली की बरंच परवडतं. वाटाड्याच्या पैशांत मात्र घासाघीस करू नका. उद्यानात स्थानिक वाटाड्या सक्तीचा आहे, आणि जंगल उभं असण्यात गावाचा फायदा आहे हे त्या पैशांतूनच गावाला दिसतं.

रस्ते कसे आहेत? सुरक्षित आहे का?

रस्ते वाईट आहेत. दीडशे किलोमीटरला चार-पाच तास धरा. अंधार पडल्यावर शहराबाहेर प्रवास करू नका. खड्डे, दिव्यांशिवायच्या बैलगाड्या आणि काही भागांत गुरं पळवणाऱ्या टोळ्या आहेत. तानात पाकीटमारांपासून जपा.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी आणि विजेच्या टंचाईवरून तरुण रस्त्यावर उतरले आणि लष्कराने सत्ता हातात घेतली. त्यामुळे तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. तानात आपला दूतावास आहे, त्याचा नंबर लिहून ठेवा. गावांमध्ये मला स्वतःला कधीही भीती वाटली नाही.

भाषेचं काय? काही रीतिरिवाज पाळावे लागतात?

मालागासी आणि फ्रेंच. मोठ्या उद्यानांत इंग्रजी बोलणारे वाटाडे मिळतात. मालागासी भाषेचे सगळ्यात जवळचे नातेवाईक बोर्निओत आहेत, कारण तिथल्या दर्यावर्दींनी अख्खा हिंदी महासागर ओलांडून हे बेट वसवलं. ‘सलामा’ म्हणजे नमस्कार, ‘मिसाओत्रा’ म्हणजे आभार. 

‘फाडी’ हा शब्द लक्षात ठेवा. फाडी म्हणजे निषिद्ध. दर गावाची, दर घराण्याची वेगळी. पूर्वजांच्या थडग्याकडे बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच तर बोट मुडपून. आपल्याकडे कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर आजी ओरडायची, तसंच. कुठे डोह निषिद्ध, कुठे डुकराचं मांस. इंद्रीला मारणं बऱ्याच ठिकाणी फाडी आहे, त्याला ते पूर्वज मानतात, आणि आपल्या देवरायांसारखं या श्रद्धेने त्याला आजवर बरंच वाचवलं. आय-आय नावाच्या लेमरचं नेमकं उलटं. तारेसारख्या बारीक मधल्या बोटाने खोड ठोकून आतली अळी शोधणारा हा निरुपद्रवी जीव. पण तो अपशकुनी मानला जातो, म्हणून मारला जातो. 

लेमरला हात लावता येतो का? खांद्यावर बसतात असे फोटो बघितलेत.

काही खासगी जागांवर केळी दाखवून लेमर खांद्यावर बसवतात. तिथे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणसाचे आजार त्यांना लागतात, आणि फोटोला मागणी असते म्हणून जंगलातून पिल्लं पकडली जातात. शॅमेलिऑन हातावर ठेवून पैसे मागणाऱ्या मुलांनाही नम्रपणे नाही म्हणा.

वयस्कर माणसं आणि लहान मुलं जाऊ शकतात?

गुडघे धड असतील तर हो. आंदासिबेत चढ-उतार आहेत, पायऱ्या निसरड्या असतात. काठी न्या आणि वाटाड्याला सुरुवातीलाच सांगा, तो तशी वाट निवडतो. त्सिंगीला मात्र लोखंडी शिड्या आणि झुलते पूल आहेत, ते वयस्करांसाठी नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना गाडीतले तास झेपत नाहीत.

तिथलं जंगल संपत चाललंय म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. जंगल जाळून भात पेरायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडच्या कुमरी शेतीसारखी. शहरांची चूल कोळशावर पेटते, तो कोळसाही रानातूनच येतो. विमानातून खाली बघितलं की डोंगरांना लाल जखमा दिसतात आणि नद्या तांबड्या वाहतात. २०२० च्या यादीनुसार लेमरच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात आहेत आणि ३३ अगदी शेवटच्या काठावर. ज्याच्या घरात रात्रीचा भात नाही त्याला झाड तोडू नको म्हणणं सोपं नाही. आंजासारख्या ठिकाणी गावानेच जंगल राखलं आणि प्रवेशाचे पैसे गावात फिरले, तिथे लेमर बिनधास्त समोर येतात. ठिकाणं निवडताना अशी गावं आधी निवडा.

येताना काय आणावं?

व्हॅनिला, रॅफियाच्या टोपल्या, लवंग. शंख-प्रवाळ, रोजवुडच्या वस्तू, आणि नामशेष झालेल्या एलिफंट बर्ड या प्रचंड पक्ष्याच्या अंड्यांची कवचं विकायला येतात, त्यांना हात लावू नका.

बॅगेत नक्की काय असावं?

स्वेटर. लोक उष्ण कटिबंध ऐकून घेत नाहीत आणि ताना साडेबाराशे मीटरहून उंचावर आहे, मे ते ऑगस्टच्या रात्री दात वाजतात. चांगली टॉर्च आणि जादा सेल. गुडघ्यापर्यंतचे मोजे, विजार त्यात खोचायला, म्हणजे जळवा आत शिरत नाहीत. दोन बारीक गोल पिनांचे चार्जर तिकडे चालतात, आपल्या तीन पिनांचे नाही. घड्याळ अडीच तास मागे करा. पहिल्या दिवशी झोप त्यामुळे पहाटे चारलाच मोडते, आणि तेव्हाच उठून व्हरांड्यात बसायचं, कारण आंदासिबेत पाखरांची सुरुवात त्याच सुमाराला होते.